बिट्टीची पाटी

मत्स्यालयातून फोन आला तेव्हा पेंटरकाका स्वयंपाकघराच्या दाराला रंगाचा दुसरा हात देत होते. दाराला खरं तर पहिल्या हाताचीही गरज नव्हती. पण सत्तरी उलटलेल्या पेंटरला घरात गुण्यागोविंदानं बसवायचं तर अधूनमधून एखादं दार त्याच्या हवाली करावं लागतं, हे सुनेला लग्नानंतर लवकरच उमगलं होतं.

"बाबा, तुमचा फोन. कुणी बाई आहेत. माशांचं काहीतरी म्हणतायत."

त्या बाई मत्स्यालयाच्या नव्या अधिकारी होत्या. इमारतीची डागडुजी चालली आहे, टाक्यांवरच्या जुन्या पाट्या उतरवून नव्या लावायच्या आहेत, पाट्यांच्या कोपऱ्यात तुमची सही दिसली, म्हणून जुन्या रखवालदाराकडून नंबर मिळवला, असं त्यांनी एका दमात सांगितलं.

"ती नावं तुम्हाला कुणी दिली होती, काका? विशेषतः ते 'बिट्टी'. त्या एका नावानं नुसता उच्छाद मांडलाय. मी ते काढूनच टाकणार आहे. पण म्हटलं, त्याआधी लिहिणाऱ्याला एकदा विचारावं."

काकांचा ब्रश दारावर टेकला तो तिथेच राहिला. रंगाचा एक जाड ओघळ मुठीपासून थेट दाराच्या तळापर्यंत गेला. सून बघतच राहिली, कारण ओघळ येऊ देणारा सासरा तिनं आजवर पाहिला नव्हता.

"येतो," काका म्हणाले. "उद्याच येतो. तोवर पाटी काढू नका."

आता हा ओघळ का आला ते सांगायला हवं. बिट्टी हे काकांच्या बायकोचं नाव. कागदावरचं नव्हे, तिच्या थोरल्या बहिणीनं लहानपणी ठेवलेलं. लग्नानंतर त्या नावाची हळूहळू आबाळ झाली. काका तिला चारचौघांत "अगं" म्हणायचे आणि चारचौघं नसली तरी "अगं"च म्हणायचे. मुलांची ती आई, सुनेची आई, नातवंडांची आजी. बिट्टी म्हणणारी एकटी थोरली बहीण उरली होती, ती गेली. मग बिट्टीही गेली. आता जगात त्या नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं आणि हाकेला ओ देणारंही.

फक्त मत्स्यालयात एका टाकीवर ते नाव होतं. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, खाली बारीक पिवळी रेघ. आणि पाटी वाचून वाचून ते नाव गावभर झालं होतं. बाजारात शोभेच्या माशांचं एक दुकान होतं. काका दर रविवारी तिथे जाऊन उभे राहायचे. मासे त्यांनी एकदाही विकत घेतले नाहीत. दुकानदाराला वाटायचं, म्हाताऱ्याला मासे आवडतात, पण घरी परवानगी नाही. खरं म्हणजे काका वाट बघायचे, की एखादं पोर येईल, काउंटरला नाक लावून विचारेल, "बिट्टी आहे का हो?" आणि दुकानदार म्हणेल, "आहे की, बिट्टी नाही असं होईल का?" एवढं ऐकलं की काका घरी यायचे. त्या दिवशी जेवण चांगलं जायचं.

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून मत्स्यालयात हजर झाले. आत ओल्या सिमेंटचा वास होता. तिकिटाची जुनी खिडकी पाडली होती, तिच्या जागी विटांचा ढीग होता. काकांनी त्या ढिगाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

मॅडम वयानं त्यांच्या सुनेएवढ्याच होत्या. बाह्या सरसावलेल्या, हाताला कोपरापर्यंत शेवाळ. त्यांनी काकांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि गऱ्हाणं मांडायला सुरुवात केली. गऱ्हाणं ऐकण्यासारखं होतं.

"हे बघा काका, दुकानात जाऊन नुसतं 'जोकर द्या' म्हटलं, तर चार दुकानांत चार वेगळे मासे मिळतात. एक समुद्रातला, बाकीचे गोड्या पाण्यातले. गिऱ्हाईक समुद्रातला जोकर आणतं, गोड्या पाण्यात सोडतं, संध्याकाळी तो उलटा तरंगतो. मग आम्हाला फोन! 'शार्क' म्हणून विकतात तो शार्क नसतो. बरं, 'बिट्टी' तर आपल्याच गावचं पाप. आज गावात तीन वेगवेगळ्या माशांना बिट्टी म्हणतात. तिन्ही पिवळे-केशरी, तिन्हींवर काळे पट्टे. एका आजोबांनी नातीसाठी बिट्टी नेली. तिनं रात्रीतून बाकीच्या माशांच्या शेपट्या कुरतडल्या. ती पोरगी इथे येऊन माझ्यासमोर रडली."

"बिट्टी असं करणार नाही," काका पटकन बोलून गेले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "कुठली बिट्टी?"

काकांनी चहात बिस्कीट बुडवलं आणि ते तिथेच विरघळू दिलं.

"म्हणून समितीनं नियम केलाय," मॅडम पुढे म्हणाल्या. "वर शास्त्रीय नाव. खाली बोलीतलं नाव, पण ते एकाच माशाचं असेल तरच. ज्या नावाचे दोन धनी, ते नाव बाद. आता सांगा, ही नावं तुम्हाला मिळाली कुठून?"

"जुन्या लोकांकडून," काका म्हणाले.

"मी जुन्या लोकांना विचारून आले. नदीवरच्या कोळ्यांना, बाजारातल्या दुकानदारांना. सगळे म्हणतात, आम्ही मत्स्यालयाच्या पाटीवर वाचलं. म्हणजे फिरून तुमच्याच दारात."

काका पकडले गेले होते, आणि या वयात पळण्याची हौसही उरली नव्हती. त्यांनी बिस्किटाचा नाद सोडला आणि सगळं सांगून टाकलं.

तेव्हा मत्स्यालय नवंकोरं होतं. काका तिशीच्या अलीकडचे, अंगावर रंगाचे डाग आणि डोक्यावर भरपूर केस. तेव्हाच्या साहेबांनी लाकडी पाट्या आधी कापून घेतल्या आणि नावांचा विचार नंतर केला. शास्त्रीय नावं एवढी लांब, की पाटीवर अर्धं नाव मावायचं आणि अर्धं शेजारच्या टाकीवर जायचं. साहेब वैतागले. म्हणाले, ती लॅटिन नावं पुढे पितळेवर कोरून घेऊ, तू तूर्त स्थानिक नावं लिही. काकांनी विचारलं, साहेब, हे मासे कुठल्या कुठल्या देशांतले, यांना स्थानिक नावं कोण देणार? साहेब म्हणाले, स्थानिक लोकांना विचार की! आणि ते जेवायला गेले. पुढे त्यांची बदली झाली, लॅटिन नावांचा कागदही त्यांच्याबरोबर गेला, आणि पितळ कुणी पाहिलंच नाही.

"मग तुम्ही कुणाला विचारलंत?"

"स्थानिक म्हणजे मीच की, मॅडम. जन्मापासून इथलाच."

मॅडमनी ओठ घट्ट मिटले, पण डोळे हसले. काकांना धीर आला. गाल फुगवून बसणाऱ्या माशाला त्यांनी 'आत्याबाई' केलं होतं, कारण त्यांची आत्या अगदी अशीच रुसायची. डोकं खाली घालून तरंगणारा तो 'मास्तर', जन्मभर वह्या तपासत असल्यासारखा. टाकीत दुसऱ्याला थारा न देणारा 'घरमालक'. आणि ते दोन मासे, तोंडाला तोंड लावून उभे राहणारे, त्यांचं नाव 'जावा-जावा'.

"ते एक मात्र शास्त्राला धरून आहे," मॅडम म्हणाल्या. "लोकांना वाटतं ते लाडात आलेत. प्रत्यक्षात भांडण चाललेलं असतं. आणि बिट्टी?"

काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ती तिकिटाच्या खिडकीत बसायची."

बिट्टी म्हणजे एका मुलीचं नाव, हे मॅडमना समजायला एक क्षण लागला. काकांना तो क्षण पाट्या रंगवण्यात घालवलेल्या महिन्याएवढा लांब वाटला. कारण काम आठवड्याचं होतं आणि काकांनी ते महिनाभर पुरवलं होतं, तेही याच मुलीपायी. रोज सकाळी तिची थोरली बहीण तिला सोडायला यायची आणि जाताना ओरडायची, "बिट्टे, डबा खा वेळेवर!" तेवढ्यावरून काकांना नाव कळलं. बोलायची छाती मात्र होईना. ब्रश हातात असला की हा माणूस कुणालाही वठणीवर आणेल, आणि ब्रश ठेवला की तोंडाला कुलूप. शेवटी खिडकीत बसल्या बसल्या समोर दिसेल अशी एक टाकी त्यांनी हेरली, तिच्यावरची कोरी पाटी उतरवली आणि सगळा जीव ओतून दोन अक्षरी नाव रंगवलं. वळणदार, ठसठशीत. जाताना पाटी लावली आणि घरी जाऊन रात्रभर तापानं फणफणले.

"मग?" मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. साहेबी बाजूला राहिली होती.

"मग काय. आठवडाभर ती एक शब्द बोलली नाही. मी रोज येऊन त्याच त्या पाटीची पिवळी रेघ पुसायचो आणि पुन्हा काढायचो. पुढचं सांगतो, पण आधी तुमचं काम. ते नाव ठेवायला काय करावं लागेल?"

"तुम्ही नाव मनानं ठेवलंत याचं मला काही नाही, काका. प्रत्येक नाव कधीतरी कुणीतरी मनानंच ठेवलेलं असतं. मला एवढंच सांगा, या तिघांतला तुमचा मासा कुठला? एक दाखवा. बाकी दोघांची नावं मी बदलून घेते, दुकानदारांच्या मागे लागते. पण तुम्ही खात्रीनं सांगायला हवं."

मॅडम त्यांना टाक्यांपाशी घेऊन गेल्या. जुनी पाटी अजून जागेवर होती. काळा रंग करडा झाला होता, पिवळी रेघ तेवढी शाबूत होती. खाली टाकीत पट्टेवाले छोटे मासे जिवाच्या आकांतानं एकमेकांच्या मागे धावत होते.

"हाच," काका म्हणाले. पाटी इथे, म्हणजे मासाही इथलाच.

"हे इथे नंतर आले. मधे टाक्या गळायला लागल्या तेव्हा सगळे मासे इकडचे तिकडे झाले, पाट्या राहिल्या. दुकानदारांनी पाटी बघून यांनाच बिट्टी म्हणायला सुरुवात केली. शेपट्या कुरतडतात ते हेच. पण तुम्ही म्हणालात हाच, तर मी हाच लिहिते. म्हणता?"

एका शब्दात काम होत होतं. "हो" म्हटलं की नाव राहत होतं, पोरं काउंटरला नाक लावून विचारत राहणार होती. काकांनी टाकीत पाहिलं. एकानं दुसऱ्याच्या शेपटीचा लचका तोडला आणि तोंड फिरवून उभा राहिला. हिनं जन्मात कुणाच्या ताटातली चतकोर ओढली नाही, आणि हिच्या नावावर हे भांडकुदळ?

"नाही म्हणत," ते म्हणाले. "मला आठवतच नाही, मॅडम. आठवणार कसा? मी मासा पाहिलाच नाही. मी टाकीच्या काचेत खिडकी दिसायची ती बघत होतो. आत काय पोहत होतं देव जाणे. पट्टे होते, एवढं खरं."

दुसरा मासा पाहिला. बारीक, चिंचोळा, पुष्कळ पट्ट्यांचा. काकांना काहीच आठवलं नाही. तिसरा मागच्या खोलीत हलवलेला होता. मॅडमनी त्यांना घाई केली नाही, उलट एक स्टूल आणून दिलं. काका बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिले. चाळीस वर्षं संसार केला, आणि जिच्यासाठी एवढं केलं तिचा मासा कुठला हे सांगता येत नाही. त्यांना स्वतःचा राग आला. तिला विचारायला हवं होतं. ती तर दिवसभर समोरच बसायची, तिला नक्की ठाऊक असणार.

"ते पुढचं राहिलं," मॅडम हलकेच म्हणाल्या. "आठवडाभर त्या बोलल्या नाहीत. मग?"

काका आता काही सिद्ध करण्यासाठी सांगत नव्हते. नाव तर गेलंच होतं. आठवण निघाली म्हणून सांगत होते.

"मग एका दुपारी शाळेची पोरं आली. मी शिडीवर होतो. एक पोरगी किंचाळत खिडकीकडे धावली, 'अहो बाई, बिट्टी मेली! बिट्टी मेली!' माझ्या हातातून रंगाचा डबा पडला, मॅडम. हिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. सगळा हॉल बघतोय. मला वाटलं, आता ही साहेबांकडे जाणार, माझं काम जाणार, आब्रू जाणार. तर ही त्या पोरीकडे न बघता सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, 'मेली नाही काही. जरा पडलीय. उठेल.' आणि खुदकन हसली. तेव्हा मला कळलं, की तिनं नाव घेतलंय आपल्या अंगावर. मग काय, शिडीवरून कसा उतरलो तेही आठवत नाही."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "'पडलीय' म्हणजे?"

"ते नेहमीचंच हो. तो मासा दुपारी असा कुशीवर आडवा व्हायचा, दगडाच्या कपारीत, अगदी मेल्यासारखा. दिवसातून दहा माणसं खिडकीशी जाऊन ओरडायची. ही मग उठून यायची, काचेवर नखानं टक टक करायची, की स्वारी उठून चालू लागायची. काच वाजवू नये अशी पाटी मीच रंगवली होती, तिच्याच शेजारी उभी राहून वाजवायची ती."

मॅडम उठल्याच. "काका, अहो हेच आधी सांगायचं ना! चला माझ्याबरोबर."

त्यांनी काकांना जवळजवळ ओढतच मागच्या खोलीत नेलं. डागडुजीमुळे बरेचसे मासे तिथल्या मोठ्या टाक्यांत हलवले होते. कोपऱ्यातल्या टाकीत एक फुटलेली कुंडी आडवी ठेवली होती. तिच्या आत हातभर नव्हे, पण चांगला वीतभर मासा पडला होता. केशरी अंग, तीन रुंद काळे पट्टे. कुशीवर, एक डोळा वर, कल्ले हलतायत की नाही तेही दिसत नव्हतं.

"तिघांतला हा एकच असा झोपतो," मॅडम म्हणाल्या. "आमचा नवा पोऱ्या पहिल्या दिवशी याला जाळ्यात घालून पुरायला निघाला होता. या माशाचं शास्त्रीय नाव तेव्हा बोटिया मॅक्राकँथस होतं. आता क्रोमोबोटिया म्हणतात."

"म्हणजे तुमचीही नावं बदलतात तर!"

"बदलतात. पण पहिलं नाव कुणी ठेवलं ते खोडत नाहीत. माशाचं घराणं बदललं, की नाव ठेवणाऱ्याला कंसात टाकतात. या माशामागे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा कुणी डॉक्टर आहे, तो अजून कंसात बसलाय."

काका काचेजवळ गेले. "हा तोच असेल?"

"हे पुष्कळ वर्षं जगतात. पण तोच, असं मी म्हणणार नाही. मी शास्त्र शिकलेय."

"नका म्हणू," काका म्हणाले. त्यांनी मॅडमकडे एकदा पाहिलं. मॅडमनी दुसरीकडे तोंड फिरवलं. काकांनी बोटाचं नख काचेला लावलं आणि तिच्यासारखं दोनदा वाजवलं. मासा हलला, सावकाश सरळ झाला, कुंडीबाहेर आला आणि काचेपाशी येऊन मिशा हलवत थांबला. काकांनी काचेला तळहात लावला आणि ते रडले. हमसून नाही, पण लपवूनही नाही.

बाकीच्या नव्या पाट्या छापून आल्या. ही एक मॅडमनी काकांकडून रंगवून घेतली. वर शास्त्रीय नाव, त्यापुढे कंसात तो डॉक्टर, खाली 'बिट्टी'. मॅडम म्हणाल्या, या नावामागे तुमचंही नाव कंसात टाका, नियमानं तुमचा हक्क आहे. काका म्हणाले, नको, नाव तिच्या बहिणीनं ठेवलेलं, मी नुसता रंगारी. सही मात्र त्यांनी कोपऱ्यात केली. अक्षराचं वळण आता थोडं थरथरतं आलं, पण पिवळी रेघ सरळ आली.

मत्स्यालय पुन्हा उघडलं त्या दिवशी गर्दी उसळली होती. काका सुनेला आणि नातीला घेऊन आले. नातीला आत सोडून ते बिट्टीच्या टाकीसमोरच्या बाकावर टेकले. नव्या तिकीटखिडकीत एक पोरगेलीशी मुलगी बसली होती, तिचा नोकरीचा पहिलाच आठवडा. काकांना ती ओळखत नव्हती.

दुपार कलली. गर्दीतून एक चिमुरडी वाट काढत खिडकीकडे धावली आणि टाचा उंचावून ओरडली, "ताई, ताई! बिट्टी मेली!"

हॉलमधली चार माणसं वळून बघायला लागली. बाकावर काकांची पाठ ताठ झाली.

खिडकीतल्या मुलीनं हातातली तिकिटं बाजूला ठेवली, डोकं बाहेर काढलं आणि हसून म्हणाली, "मेली नाही गं. जरा पडलीय. उठेल."